तेल लावलेली पट्टी

माझी नात सुगंधा हिचं बारसं झालं ते वर्ष २०३६. पाळणा नव्हता, म्हणून लिंबाच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधली आणि बायकांनी तिथंच तिच्या कानात नाव सांगितलं. त्याच आठवड्यात गारखडीच्या आमच्या क्रशरवर एका टेम्पोतून खोकी उतरली आणि त्यांतून गळपट्टे निघाले. त्यामुळे गळपट्टे कधी आले हे मला कोणाला विचारावं लागत नाही.

आम्ही दगडफोडे. मूळचे सोलापूरकडचे, पण गारखडीला येऊन वीस वर्षं झाली होती. इथला दगड गारेचा, पांढरा. सगळीकडे सूर्यावरची वीज आली तशी तिच्या पाट्यांच्या काचांसाठी गारेची भुकटी लागू लागली आणि या माळावर एकामागून एक बारा क्रशर उभे राहिले. आमच्या क्रशरवर चाळीस माणसं होती. मी त्यांचा नाईक, दुर्गाप्पा कुसाळकर. कोणाचं भांडण, कोणाचं लग्न, कोणाला कुठलं काम, ते मी ठरवत असे.

क्रशर म्हणजे दगड चावणारं यंत्र. वरून दगड पडतो, लोखंडी जबडा तो चावतो, खाली चाळणीत बारीक-जाड वेगळं होतं. चावताना पीठ उडतं. त्यातलं जे डोळ्याला दिसतं त्याची भीती नसते. ते नाकात अडकतं, शिंकरलं की बाहेर येतं. जे दिसत नाही ते छातीच्या तळापर्यंत जातं आणि गारेचं असेल तर तिथं जखमा करतं. जखमा भरतात, वण राहतात. वणांवर वण बसून छाती आतून राठ होते आणि माणूस हवेत राहून हवेवाचून मरतो. माझा बाप असा गेला, दोन चुलते गेले. २०३६ साली मी एकसष्ट वर्षांचा होतो आणि आमच्या वस्तीत माझ्या वयाचा दुसरा पुरुष नव्हता.

तोवर आमच्याकडे या पिठाला एकच उतारा होता, पाणी. रोज सकाळी टँकर यायचा. माझी मुलगी अंबिका आणि तिच्या हाताखालच्या चार बायका जबड्यावर पाण्याचा फवारा धरायच्या. ओला दगड कमी उडतो. अंबी जबड्यापाशी उभी असली की क्रशर चालवणारा घाई करत नसे, कारण पाणी पुरेसं पडलं नाही तर ती सरळ बटण दाबून यंत्र बंद करायची. तिच्या तोंडाला कोणी लागत नसे. तिचा नवरा शिवाप्पा म्हणायचा, "मालकाचा क्रशर हाय, पण बटण माझ्या बायकोचं."

गळपट्टा घेऊन जो तरुण आला होता त्याने आम्हाला लिंबाखाली बसवलं आणि खिशातून कंगवा काढला. केसांवरून चार वेळा फिरवला आणि कागदाच्या कपट्यांवर धरला. कपटे उडी मारून कंगव्याला चिकटले. तो म्हणाला, यात नवीन काही नाही, हे शंभर-दीडशे वर्षं मोठमोठ्या धुराड्यांत चाललंय. आम्ही फक्त ते गळ्यात घालण्याइतकं लहान केलंय.

पट्ट्याला दोन्ही कानांखाली सुईसारखी टोकं होती आणि छातीवर तळहाताएवढी लोखंडी पट्टी. टोकांतून हवेत विजेचा भार सुटतो. तोंडासमोरून जाणाऱ्या प्रत्येक कणावर तो भार बसतो. पट्टीवर उलटा भार असतो. मग टोकं आणि पट्टी यांच्यामध्ये, त्याने सांगितलं, एक न दिसणारा उतार तयार होतो. त्याला विद्युत क्षेत्र म्हणतात. ज्या कणावर भार नाही त्याला तो उतार कळतच नाही. ज्याच्यावर भार बसला तो, पाणी उताराला लागावं तसा, पट्टीकडे ओढला जातो. जो कण इतका हलका की दिवसभर जमिनीवर बसत नाही, तोही एका क्षणात पट्टीवर येतो. तिथं आपला भार देऊन टाकतो आणि गप्प बसतो. पट्टी अर्ध्या तासाने काढून दगडावर ठोकायची, धूळ पडते, पुन्हा लावायची. पट्ट्यावर हिरवा दिवा आहे तोवर काळजी नाही.

एक गोष्ट मात्र त्याने पुन्हा पुन्हा बजावली. पट्ट्याला पाणी लागू द्यायचं नाही. ओल आली की भार गळून जातो.

पाणी आणि पट्टा एकत्र नांदणार नाहीत हे मालकाला लगेच समजलं. नियमातही तोवर बदल झाला होता. पाणी मारा किंवा गळपट्टे द्या, दोन्हीपैकी एक. पुढच्या सोमवारी टँकर आला नाही. अंबीला चाळणीवर घातलं.

ती माझ्याकडे आली तेव्हा मी सुतक्या पुसत होतो. सुतकी म्हणजे आमचा दगड फोडायचा हातोडा. आता दगड यंत्र फोडतं, तरी प्रत्येक घरात सुतकी, छिन्नी, पहार असते आणि दिवस मावळायच्या आत ती पुसून, करडईच्या तेलाची चिंधी फिरवून ठेवायची अशी आमची रीत. कोरडं लोखंड घरात ठेवणं म्हणजे उघड्या अंगाचं मूल थंडीत ठेवण्यासारखं. माझ्या बापाने मला मारलं असेल ते एवढ्या एकाच कारणासाठी.

अंबी म्हणाली की मालकाशी बोला, पाणी पाहिजे. मी म्हणालो, पट्टा चांगला आहे, मी दोन दिवस घालून बघतोय, नाकातून पांढरं येत नाही. बोलता बोलता मी गळ्यातला पट्टा काढला, पट्टी पुसली आणि हातात चिंधी होतीच, ती पट्टीवरूनही फिरवली.

माझी चूक ती एवढीच. पण दुसऱ्या दिवशी जे दिसलं त्याने ती मोठी झाली.

दुपारी जेवायला बसलो तेव्हा इतरांच्या पट्टीवर चुन्याचा पातळ हात फिरवल्यासारखी धूळ होती आणि माझ्या पट्टीवर दुधावरच्या सायीसारखा थर. सगळ्यांनी बघितलं. कोणीतरी म्हणालं, अण्णाची पट्टी जास्त खाते. मी तेल लावल्याचं सांगितलं. शिवाप्पाने लगेच आपल्या पट्टीला लावून बघितलं. त्याच्याही पट्टीवर साय आली. शिवाय तेलकट पट्टीवरची धूळ ठोकून पडत नव्हती, म्हणजे दर अर्ध्या तासाला काम थांबवायचं कारण उरलं नाही. मुकादम खूश झाला. आठवड्यात चाळीसही जण तेल लावू लागले. माघातल्या जत्रेत बाकीच्या अकरा क्रशरवरचे नातलग भेटले, त्यांनाही मी माझी पट्टी दाखवली. कंपनीच्या शिकल्यासवरल्या माणसांना जे सुचलं नाही ते मला सुचलं, असं मी म्हणालो. हसत म्हणालो, पण म्हणालो.

साय पहिल्यांदा दिसली त्या दिवशी अंबीने एकच विचारलं होतं. "अण्णा, पट्टीवर एवढी बसली, तर हवेत किती आसंल?"

मी तिला म्हणालो की तुझं बटण गेलं म्हणून तुला राग. लोक हसले. ती हसली नाही. ती पट्टा घालून वर तोंडाला पदरही बांधत असे, पण पदर टोकांना लागून चटका बसतो म्हणून मुकादमाने तो सोडायला लावला. तिच्या पट्टीला तेल ती लावत नसे. ते मी लावत असे. रोज संध्याकाळी तिचा पट्टा मागून घ्यायचो आणि माझ्या हाताने चिंधी फिरवून परत द्यायचो. तिला लहान मूल होतं, तिची जास्त काळजी घ्यावी असं मला वाटायचं.

२०३८च्या उन्हाळ्यात अंबीला झोपडीपासून चाळणीपर्यंत यायला दोनदा थांबावं लागू लागलं. ती सत्तावीस वर्षांची होती. माझ्या बापाला हे दुखणं यायला वीस वर्षं लागली होती, म्हणून मला ते दुखणं वाटलंच नाही. बाळंतपणाची अशक्तता असेल म्हणालो. मग शिवाप्पाला खोकला लागला. मग चाळणीवरच्या आणखी दोघींना. जिल्ह्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी अंबीच्या छातीचा फोटो उजेडावर धरला आणि शिवाप्पाला विचारलं की हिने किती वर्षं हे काम केलं. चाळणीवर दोनच वर्षं, असं कळल्यावर त्यांनी तो पुन्हा उजेडावर धरला. आमच्या माळावरून तसे चौदा फोटो त्यांच्याकडे आले होते.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात गळपट्ट्याच्या कंपनीतून वर्तक मॅडम आल्या. पस्तिशीच्या असतील. त्या म्हणाल्या की टाइल्सच्या कारखान्यात, सिमेंटच्या गोदामात हाच पट्टा आहे आणि तिथं माणसं ठीक आहेत. इथंच काय होतंय ते बघायला आले. त्यांनी माझा पट्टा हातात घेतला, पट्टीवरून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं आणि खाली बसल्या.

मग त्यांनी वस्तीतूनच एक उदबत्ती मागवली. लिंबाखाली एका दगडावर कोऱ्या पट्टीचा पट्टा उभा केला आणि उदबत्ती पेटवून त्याच्यापुढे धरली. सरळ वर जाणारा धूर पट्ट्यापाशी आला आणि कोणी मान पिरगळावी तसा वळून पट्टीत गेला. वर काहीच गेलं नाही. लोकांनी वा म्हटलं. मग त्यांनी माझा, तेल लावलेला, पट्टा ठेवला. तिथंही धूर वळला. मी सुटलो असं मला वाटलं. मॅडम म्हणाल्या, थांबा. आम्ही थांबलो. उदबत्ती बोटभर जळली असेल नसेल, धूर डगमगला, मग पट्टीपासून दूर सरकला आणि सरळ वर गेला. जिथं माणसाचं तोंड असतं तिथून वर. पट्ट्यावरचा दिवा हिरवाच होता.

त्यांनी समजावून सांगितलं ते मी जसं समजलो तसं लिहितो. लोखंडावर बसलेला कण आपला भार लोखंडाला देऊन टाकतो. तेल तो भार घेत नाही. तेलात रुतलेला कण आपला भार धरून बसतो. असे लाख कण बसले की त्यांच्या भाराचीच एक भिंत होते, आणि एकसारखे भार एकमेकांना ढकलतात. मागून येणाऱ्या कणाला तो उतार लागतच नाही, उलट चढ लागतो. पट्टी भरलेली दिसते, कारण तेलाने पहिले कण धरून ठेवलेले असतात. दिवा हिरवा असतो, कारण तो टोकांतून भार सुटतोय की नाही एवढंच बघतो. आणि टोकं तर भार देतच असतात.

"म्हणजे पट्टा बंद पडल्यासारखा झाला," शिवाप्पा म्हणाला.

"बंद पडला असता तर बरं झालं असतं," मॅडम म्हणाल्या. "साधी धूळ श्वासाबरोबर आत जाते, त्यातली बरीचशी तशीच बाहेर येते. पण भार बसलेल्या कणाला जवळची ओली भिंत ओढून घेते. पट्टी मिळाली नाही तर जवळची ओली भिंत म्हणजे तुमची छाती. तिथं तो दुप्पट-तिप्पट चिकटतो."

म्हणजे जबड्याची धूळ आम्ही आधी विजेने तयार करून घेत होतो आणि मग छातीत भरत होतो. वर पाणीही नव्हतं.

मॅडमनी वही काढली. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. त्या म्हणाल्या की आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातच आलं नाही की कोणी तेल लावेल, म्हणून कागदावर तसं छापलेलं नाही, तो दोष आमचा. पण तेल लावायला सुरुवात कोणी केली ते मला कळायला हवं, म्हणजे ते कुठंकुठं पोचलं ते शोधता येईल.

चाळीस माणसं जमिनीकडे बघत होती. माझं तोंड मी उघडलं होतं, हे मला आठवतं.

"मी," अंबी म्हणाली. ती झाडाला टेकून बसली होती. "मी लावलं पयल्यांदा. बायकांना मीच सांगितलं."

मॅडमनी लिहून घेतलं. शिवाप्पाने माझ्याकडे बघितलं आणि तो उठून गेला.

संध्याकाळी मी तिच्या चुलीपाशी जाऊन बसलो. सुगंधा तिच्या मांडीवर होती. मी विचारलं, असं का केलंस. ती म्हणाली की मी मालकापुढे उभी राहिले तर मालक ऐकणार नाही, तुम्ही राहिलात तर ऐकेल. नाइकाचं नाव खराब झालं तर पाणी कोण आणणार. आणि मग म्हणाली, "हितलं मी निस्तरलं. बाकीच्या अकरा ठिकाणी तुमी जावा. तिथं माझं नाव चालणार न्हाई. तिथं तुमी सांगितलंया."

पाणी मी आणलं. मालकाने चौथ्या दिवशी टँकर सुरू केला, आमच्याकडचे पट्टे गोळा करून खोक्यात भरले. त्याबद्दल नाव माझं झालं. बाकीच्या अकरा क्रशरवर वर्तक मॅडमनी छापील कागद पाठवले. पट्टीला तेल लावू नये, मोठ्या अक्षरात. मी स्वतःला सांगितलं की कागद गेलेत, आता माझं काय काम.

संक्रांतीला माझा चुलतभाऊ तिपण्णा आला. तो सातव्या क्रशरचा नाईक. त्याच्या गळ्यात पट्टा होता आणि पट्टी तेलाने चमकत होती. मी कागदाचं विचारलं. तो म्हणाला, कागद आला होता, दुकानात चिकटवलाय. कंपनीचा माल खराब निघाला म्हणून आता तेलावर ढकलतायत. तेल तर तू सांगितलेलं. तुझ्यापेक्षा कंपनीला जास्त कळतं का. त्याच्याकडे पाचजण खोकत होते, म्हणून आता ते दिवसातून दोनदा तेल लावत होते.

तो माझ्या समोर बसला होता. माझ्या हाताचा तिळगूळ खात होता. मी त्याला काही सांगितलं नाही.

अंबीला सरकारी दवाखान्यातून प्राणवायूचं यंत्र मिळालं होतं. नाकात नळी, शेजारी डबा घरघरत असे. मी दिवसभर तिच्यापाशी बसू लागलो. लोक म्हणायचे, बापाने लेकीची सेवा करावी तर अशी. त्या दोन महिन्यांत ती मला रोज विचारायची, गेलात का. मी म्हणायचो, जातो. तुला जरा उतार पडू दे.

मार्चमधल्या एका सकाळी मी तिला पेज भरवत होतो. तिने चमचा हाताने बाजूला केला.

"माझ्यापाशी कशाला बसता, मला म्हाईत हाय," ती म्हणाली. एका वाक्याला तिला तीनदा थांबावं लागत होतं. "हितं बसलं की जायला लागत न्हाई."

मी म्हणालो, मी गेलो तर तुझ्याकडे कोण बघणार.

"मी मरायची वाट बघत असाल अण्णा, तर तसं सांगा. मी लवकर मरते. तिथं मानसं दिसातनं दोनदा त्याल लावत्यात."

मी वाटी खाली ठेवली आणि चप्पल घातली.

अकरा क्रशर मी सहा दिवसांत फिरलो. पहिल्या ठिकाणी मला बोलायला दुपार झाली. नंतर जमू लागलं. जबड्यापाशी जायचो, यंत्र बंद करायला सांगायचो आणि सगळे जमले की म्हणायचो, तेल मी सांगितलं होतं. ते चुकलं. माझी लेक त्याने मरायला टेकलीय. दिवाळीपासून मला माहीत होतं. शेवटचं वाक्य म्हणायची गरज नव्हती, पण ते म्हटल्याशिवाय लोक पट्टा काढत नव्हते. ते म्हटलं की काढत. दोन ठिकाणी बायकांनी शिव्या दिल्या. एका ठिकाणी कोणीतरी मला बसायला पोतं दिलं, आणि ते मला शिव्यांपेक्षा जड गेलं.

तिपण्णाने सगळं ऐकून घेतलं. तो म्हणाला, "संक्रांतीला आलो हुतो, तवा तुझ्या तोंडात काय हुतं?"

मी म्हणालो, लाज.

त्याने पट्टा काढला, माझ्या पायाशी टाकला आणि आपल्या माणसांना पाण्यासाठी मालकाकडे घेऊन गेला. त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही बोललो नसतो.

परत आलो तेव्हा अंबीने बोटांनी विचारलं, किती. मी दोन्ही हातांची दहा आणि वर एक दाखवलं. तिने मान हलवली आणि डोळे मिटले. तिला माझ्याशी आणखी काही बोलायचं असेल म्हणून मी बसून राहिलो. ती झोपली होती.

वर्तक मॅडमनी नंतर पट्ट्यात बदल केला. आता पट्टीचा भार तुंबला की दिवा लाल होतो आणि टोकं आपोआप बंद पडतात. नव्या कागदावर तेलाची बाटली काढून तिच्यावर फुली मारलेली आहे. त्यांच्या वहीत सुरुवात करणाऱ्याचं नाव अजून अंबिका असंच होतं. मी मागच्या वर्षी त्यांना पत्र लिहून ते बदलायला सांगितलं आणि हे जे इथवर लिहिलं आहे ते त्या पत्रासोबत पाठवलं होतं. त्यांनी बदललं.

माझी मुलगी अंबिका शिवाप्पा धोत्रे ३ एप्रिल २०३९ रोजी गेली. अठ्ठावीस वर्षांची होती. शिवाप्पा २०४० च्या श्रावणात गेला. बारा क्रशरवर मिळून एकतीस माणसं गेली, त्यातली बरीच मी आधी सांगायला गेलो असतो तरी दगावली असती, असं डॉक्टर म्हणतात. तिपण्णाचा धाकटा मुलगा नागेश आधी गावाकडे मेंढरं राखत होता. तो क्रशरवर आला २०३८ च्या दिवाळीनंतर, वर्तक मॅडमनी उदबत्ती पेटवली त्याच्या पुढच्या आठवड्यात. आल्या दिवशी बापाने त्याच्या गळ्यात पट्टा बांधला आणि तेल लावून दिलं. तो पट्टा त्याने मार्चपर्यंत घातला. नागेश ९ जानेवारी २०४१ रोजी गेला. तो बावीस वर्षांचा होता.